हमिंगबर्डसाठी बाग: टूसॉनच्या बॅकयार्डमधल्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३

ठरलं एकदाचं. मागच्या अंगणात हमिंगबर्डसाठी, म्हणजे फुलातला रस पिणाऱ्या इवल्या पक्ष्यांसाठी, बाग करायची, नुसता साखरपाण्याचा फीडर टांगून मोकळं व्हायचं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या या टूसॉन शहरात बऱ्याच घरांच्या पॅटिओवर लाल प्लास्टिकचा फीडर लटकत असतो आणि जवळ जाऊन बघितलं की आत पाणी गढूळ, भोकांभोवती काळी बुरशी, आठवडा झाला तरी कोणी हात लावलेला नसतो. दक्षिण ॲरिझोनात हमिंगबर्डच्या पंधराच्या आसपास जाती दिसतात, म्हणजे पक्षी आणायची गरजच नाहीये, ते आहेतच, प्रश्न एवढाच की बारा महिने त्यांना या खडीच्या वाळवंटात खायला काय मिळतं.

आत्ता अंगणात काय आहे तर खडी. खडी आणि खडी. आधीच्या मालकाने लावलेलं एक पालो वेर्देचं झाड, कोपऱ्यात एक लिंबू, भिंतीलगत कोरफडीचे जुने गड्डे. कोरफड आफ्रिकेची, पण तिला भर थंडीत फुलं येतात म्हणून ठेवणार. बाकी कागदावर महिने लिहिले आणि प्रत्येकापुढे काय फुलेल ते भरत गेलो. मार्च-एप्रिलला गर्दी होते, जून आणि डिसेंबर रिकामे राहतात. हे दोन महिने भरणं हाच खरा प्रोजेक्ट आहे असं दिसतंय.

२१ ऑक्टोबर २०२३

लागवड. इथे झाडं लावायची ती आत्ताच, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी मुळांना सहा-सात महिने मिळतात. स्थानिक झाडांच्या नर्सरीतून आणलेली यादी: चुपारोसा, बाहा फेअरी डस्टर, डेझर्ट विलो, रेड यक्का, पॅरीज पेनस्टेमन, साल्व्हिया ग्रेगी आणि एक ओकोटियो, जो नुसत्या वाळक्या काट्यांच्या काठ्या दिसतो आणि बायकोने विचारलंच की याचे पैसे दिलेत का.

नर्सरीत एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली की रोपांवर कीटकनाशक मारलंय का, काही औषधं झाडात भिनतात आणि फुलातल्या रसातही उतरतात.

खणताना फूटभरावर कॅलिची लागली. ही म्हणजे चुन्याने घट्ट झालेली मातीची लादी, फावडं नुसतं टणकन वाजतं. टिकाव आणि पहार दोन्ही लागली. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा, मग पाणी भरून बघायचं, काही तासांत झिरपलं तर ठीक, नाहीतर लादीला आरपार भोक पाडल्याशिवाय झाड लावायचंच नाही, मुळं कुजतात. शेणखत, कंपोस्ट काही नाही. आपल्याकडची सवय असते खड्ड्यात घमेलंभर खत टाकायची, पण ही वाळवंटी झाडं खतावर नुसती पानं काढत बसतात.

पेनस्टेमनचं बी पण खडीत फेकलंय, पण बियाचं झाड पहिल्या वर्षी नुसता पानांचा गड्डा करतं आणि फुलायला बहुतेक पुढचा वसंत उजाडतो, म्हणून यंदासाठी कुंडीतली तयार रोपं.

९ नोव्हेंबर २०२३

आई आलीये साताऱ्याहून, एप्रिलपर्यंत आहे. दिवाळी रविवारी, त्यामुळे साफसफाई जोरात आणि पहिला वाद पॅटिओच्या जळमटांवरून. हमिंगबर्डची मादी घरटं विणते ते कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी, त्यामुळे घरटं ताणतं आणि पिल्लं वाढली की तेही रुंदावतं. शिवाय फुलातल्या रसाबरोबर हे पक्षी चिलटं, मावा, बारके कोळी सतत खातात, प्रोटीन त्यातूनच, नुसत्या साखरेवर कोणी जगत नाही. तर पॅटिओबाहेरची जाळी राहणार, घरातली गेली. आईला हे अजिबात पटलेलं नाही. लक्ष्मीपूजनाला दारात जळमटं, म्हणे.

फीडर लावला. काचेचा, बशीसारखा पसरट, भोकं वरच्या झाकणात. झाकण लाल आहे तेवढा रंग पुरे, पाण्यात लाल रंग घालायचा नाही. प्रमाण: एक कप साधी पांढरी साखर, चार कप पाणी. हे ज्या फुलांवर ते जातात त्यांच्या रसाच्या जवळपास जातं. मध नाही (लवकर आंबतो, बुरशी धरतो), पिठीसाखर नाही, ब्राऊन शुगर नाही, शुगर-फ्री पावडर तर मुळीच नाही, त्यात त्यांना काहीच मिळत नाही.

"अरे गुळाचं पाणी दे ना, साखर कशाला बिचाऱ्यांना," आई म्हणाली.

"आई, गुळात लोह असतं. आपल्याला चांगलं, यांना बाधतं."

"एवढ्याशा जिवाला एवढंसं लोह काय करणार आहे?"

"एवढासा आहे म्हणूनच गं. जेमतेम चार ग्रॅम वजन."

जागा खिडकीपासून हातभरावर, मीटरच्या आत. एकतर इतकं जवळ नाहीतर दहा मीटर लांब, मधल्या अंतरावर पक्षी वेग घेऊन काचेवर आपटतो.

३ डिसेंबर २०२३

ॲनाज हमिंगबर्डच्या एका नराने ताबा घेतला. पालो वेर्देच्या सुकलेल्या टोकाच्या काडीवर बसतो, तिथून फीडर, कोरफड आणि चुपारोसा तिन्ही दिसतात. ही वाळलेली काडी मी छाटणार होतो, आता नाही. बसायला अशी उघडी काडी असणं हे फुलांइतकंच महत्त्वाचं निघालं, दिवसाचा बराच वेळ हे पक्षी बसूनच असतात, लोकांना वाटतं सारखे उडतात.

ऊन समोरून पडलं की डोकं आणि गळा झगझगीत गुलाबी, मान वळवली की काळा. रंगद्रव्य नाहीये ते, पिसांच्या बांधणीतून प्रकाश परततो म्हणून.

यांचा विणीचा हंगाम भर थंडीत सुरू होतो. नर सरळ वर चढतो, ठिपका होईपर्यंत, आणि तिथून खाली सूर मारतो, तळाला आला की एक मोठा कडक 'चिप्'. मला वाटायचं ओरडतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की तो आवाज शेपटीच्या पिसांचा आहे, हवा पिसांतून जाताना पीस थरथरतं.

आणखी एक गंमत म्हणजे हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या किनाऱ्याकडचा होता, लोकांनी बागा केल्या, बाहेरून आणलेली फुलझाडं लावली, फीडर लावले आणि हा पसरत गेला. म्हणजे बाग केली तर पक्षी येतो हे काही माझं स्वप्नरंजन नाही.

आई म्हणते आपल्या जास्वंदीवर शिंजीर येतो तोच हा. तसं दिसतं खरं, पण नात्याने दोघं फार लांबचे. शिंजीर फांदी धरून, टांगून पितो, हा अधांतरी उभा राहून पितो आणि मागेसुद्धा उडतो, आणि आजचे सगळे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच. चुपारोसाचं फूल हातात घेऊन मात्र तिने लगेच ओळखलं, हे अडुळशासारखं आहे म्हणाली. बरोबर आहे, दोन्ही जस्टिशिया या एकाच वंशातले! अडुळसा पांढरा आणि हा लाल, पाकळ्यांचे ओठ तसेच.

९ जानेवारी २०२४

पहाटे पारा शून्याला टेकतोय. चुपारोसावर जुनी सुती चादर टाकली, प्लास्टिक नाही, प्लास्टिक पानाला चिकटलं की तिथेच पान जळतं. फेअरी डस्टरला काही झालं नाही. डेझर्ट विलोची पानं गळून गेली, ती गळतातच.

रात्री फीडर घरात, उजाडायच्या आधी बाहेर. पहाटेचं पहिलं पिणं महत्त्वाचं कारण थंड रात्री हे पक्षी सुप्तावस्थेत जातात, अंगाची उष्णता आणि हृदयाचे ठोके खूप खाली आणतात, उडताना मिनिटाला हजारच्या वर जाणारे ठोके पन्नासच्या आसपास येतात. सकाळी गाडी परत चालू करायची म्हणजे इंधन लागतं. आई पहाटे उठतेच, त्यामुळे फीडर लावायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. गुळाचा विषय परत निघालेला नाही.

११ फेब्रुवारी २०२४

पेनस्टेमनला गुलाबी दांडे फुटले आणि कॉस्टाज हमिंगबर्ड आला. हा खरा वाळवंटातला. ॲनाजपेक्षा लहान, तीन ग्रॅमच्या आसपास, गळा जांभळा आणि दोन्ही बाजूंना लांब मिशांसारखी पिसं. हवेतून गोल वळसा घेताना बारीक लांब शिट्टी येते, ती आधी ऐकू येते आणि मग पक्षी शोधत बसावं लागतं.

ॲनाजचा नर त्याला फीडरपाशी फिरकू देत नाही. म्हणून दुसरा छोटा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावला, पहिल्यावरून दिसणार नाही असा. एकाच ठिकाणी मोठा फीडर टांगण्यापेक्षा दोन लहान, एकमेकांच्या नजरेआड. कॉस्टाजला मात्र फीडरचं फारसं कौतुक नाहीये, तो पेनस्टेमन आणि चुपारोसावरच जास्त दिसतो.

आणि लिंबाच्या झाडात, डोळ्यांच्या उंचीला, काहीतरी चाललंय. मादी पॅटिओच्या कोपऱ्यातून जाळ्याचा धागा ओढून नेताना आज आईनेच बघितली. मला हाक मारून दाखवलं आणि पुढे काही बोलली नाही, पण झाडू पॅटिओतून आत गेला.

१७ मार्च २०२४

घरटं निम्म्या अक्रोडाएवढं. दोन पांढरी अंडी होती, प्रत्येकी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, आता दोन काळी चिमुकली पिल्लं. सगळं मादी एकटी करते, नर अंड्यांवर बसत नाही की भरवत नाही. त्या झाडाचं पाणी हाताने, लांबून. छाटणी बंद. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवणं गुन्हा आहे, तसं ते नसतं तरी हलवलं नसतं. मोबाईल घेऊन तोंड जवळ नेणं पण बंद, मुलांना सांगितलंय, कारण घरट्याभोवती वर्दळ दिसली की शिकारी पक्षी बघून ठेवतात.

ओकोटियो! काठ्यांच्या टोकाला केशरी-लाल तुरे. पहिल्याच वसंतात येतील असं नर्सरीवाल्यानेही सांगितलं नव्हतं. बायकोने पैशांबद्दलचं वाक्य मागे घेतलं.

ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्ड पण दिसला, मेक्सिकोतून वर आलेला. गळा काळा, खाली एक जांभळी पट्टी जी उन्हात एकदाच चमकते आणि परत काही नाही. येत्या दिवसांत वाढतील.

५ मे २०२४

आई परत गेली. पिल्लं केव्हाच उडून गेली, घरटं तसंच ठेवलंय.

उष्णता वाढली तसे फीडरवर बाकीचे सगळे. मुंग्या: वर लटकवायच्या हुकाला पाण्याची छोटी वाटी, तिच्यापलीकडे मुंगी जात नाही, त्यात तेल-बिल घालायचं नाही, पक्ष्याच्या पिसाला लागतं. वाटीतलं पाणी रोज उडून जातं ते भरायचं, तेवढंच. गिला सुतार पक्षी: धप्पकन बसतो, फीडर तिरका करतो, अर्धं सांडतो आणि वर ओरडतो. त्याच्यासाठी खांबाला अर्धं संत्रं लावलं, हूडेड ओरिओल पण त्यावर येतो.

मधमाश्या हा जरा गंभीर मामला. इथल्या रानातल्या मधमाश्या बहुतेक आफ्रिकन संकरातल्या, १९९० च्या दशकात दक्षिणेकडून आलेल्या, चिडल्या की सोडत नाहीत. बशीच्या फीडरचा इथे फायदा होतो, रस खाली राहतो आणि माशीची जीभ पोचत नाही, फक्त भरताना काठोकाठ भरायचा नाही आणि बाहेर ओघळ राहू द्यायचा नाही. पिवळी फुलं चिकटवलेले फीडर टाळायचे, पिवळ्याकडे माश्या जातात. मी अजून एक केलं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खडे टाकलेल्या परातीत साधं पाणी ठेवलं, निम्म्या माश्यांना रस नकोच होता, पाणी हवं होतं. शेजारच्या बाईंनी, त्या चाळीस वर्षं इथे आहेत, एवढं बघून फक्त मान डोलावली.

प्रार्थनाकीटक (मॅन्टिस) दिसला तर उचलून लांब न्यायचा. तो फीडरवर दबा धरून पक्षी पकडतो, खरंच पकडतो.

१६ जून २०२४

४२ अंश. कॉस्टाज बहुतेक निघून गेले, किनाऱ्याकडे आणि डोंगराकडे. हाच तो रिकामा महिना.

आता फीडर रोज धुवायचा. ३२ अंशांच्या वर गेलं की रस एका दिवसात आंबायला लागतो. रोज संध्याकाळी गरम पाणी, बाटलीचा ब्रश, दर दोन-तीन दिवसांनी पांढरं व्हिनेगर. साबण टाळतो. फीडर अर्धाच भरतो, बाकी रस फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवायचा. कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. पण ज्याला जूनमध्ये रोज धुणं जमणार नाही त्याने जूनमध्ये फीडर उतरवून ठेवावा, काही बिघडत नाही, पक्षी त्याच्यावाचून उपाशी मरत नाहीत. आंबलेला रस मात्र मारू शकतो.

आणि झाडांना धुवावं लागत नाही! डेझर्ट विलो अजून माझ्या खांद्याला आहे पण फुललंय, फिकट जांभळ्या तुताऱ्या, आणि रेड यक्काचे पोवळ्याच्या रंगाचे दांडे भट्टीसमोर उभे असल्यासारख्या उन्हात निवांत. फेअरी डस्टर मधूनमधून फुलतोच. जूनचं भोक या तिघांनी बऱ्यापैकी बुजवलं. साल्व्हिया पश्चिमेच्या भिंतीशी होता तो करपला, त्याला दुपारची सावली हवी, जगलाच तर शरद ऋतूत पूर्वेला नेतो.

ड्रिप: नव्या झाडांना आठवड्यातून दोनदा खोलवर, पहाटे. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरवर राहतात. ड्रिपच्या एका टोकाला बारीक फवाऱ्याचं तोंड लावून ते लिंबाच्या पानांवर सोडलं, सकाळी अर्धा तास. ॲनाजची मादी ओल्या पानावर पोटावर घसरते, परत उडते, परत घसरते. पाणी प्यायला ती येत नाही, आंघोळीलाच येते.

२१ जुलै २०२४

पाऊस आला. इथला मान्सून, मेक्सिकोकडून, दुपारी ढग चढतात आणि तासाभरात रस्त्यांना ओढ्याचं रूप. टूसॉनला वर्षाचा पाऊस जेमतेम अकरा इंच, त्यातला जवळपास निम्मा या अडीच-तीन महिन्यांत. साताऱ्यात एका बऱ्या झडीत एवढा पडून जातो. छपराचं पाणी झाडांच्या आळ्यांकडे वळवणारे चर गेल्या महिन्यात काढून ठेवले होते, ते भरले. हवेत दमटपणा आल्यावर एसीचं पाणी पण बादलीभर निघतं, ते चुपारोसाला.

ओकोटियोने पाऊस पडल्यावर काही दिवसांत अंगभर पानं काढली, सुकलं की गाळणार, परत पाऊस परत पानं.

रूफस हमिंगबर्ड आले. अलास्कापर्यंत जाऊन वीण करून मेक्सिकोला परतणारे, पूर्ण प्रवास एका बाजूने सहा हजार किलोमीटरच्या घरात, आणि असा पक्षी तीन-चार ग्रॅमचा. तांब्यासारखा रंग आणि स्वभाव तर विचारू नका. वर्षभर दादागिरी करणारा आमचा ॲनाज दोन दिवसांत लिंबामागे. रूफस फीडरवर बसतो आणि कोणी आलं की पाठलाग, त्यात प्यायला वेळ कमी आणि भांडायला जास्त. तिसरा फीडर पुढच्या दारी लावला, त्याला तीन ठिकाणी राखण जमत नाही. हे पाहुणे दोन-तीन आठवडे चरबी साठवून पुढे जातात, तेवढ्यापुरतेच तीन फीडर.

८ सप्टेंबर २०२४

काल गणपतीला फिनिक्सला होतो, मुक्काम तिकडेच. निघताना फीडर धुऊन पूर्ण भरून गेलो, सकाळी परत येऊन बघतो तर तिन्ही कोरडे ठणठणीत आणि खाली फरशी चिकट. हमिंगबर्ड रात्री पीत नाहीत. शेजारच्या बाईंना विचारलं तर हसल्या, वटवाघळं.

आज रात्री जागून बघितलं. लांब नाकाची छोटी वटवाघळं, मेक्सिकोतून येणारी, साग्वारो निवडुंग आणि अगेव्हच्या (घायपाताच्या) फुलांवर जगणारी. एकेक येऊन क्षणभर अधांतरी, जीभ आत आणि गेलं, लगेच पुढचं, ओळीने. १९८८ ला यांचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलं आणि २०१८ ला संख्या सावरली म्हणून निघालं, सावरल्यामुळे यादीतून निघालेलं अमेरिकेतलं हे पहिलं वटवाघूळ. टूसॉन परिसरात लोक आपापल्या फीडरवरच्या रात्रींच्या नोंदी शास्त्रज्ञांना देतात, त्यावरून हे कधी येतात-जातात ते कळतं. मी पण नाव घातलंय. ऑक्टोबरपर्यंत एक फीडर रात्री बाहेर त्यांच्यासाठी, बाकीचे आत, नाहीतर साखरेचं पोतं पुरणार नाही. आईला व्हिडिओ पाठवला तर म्हणाली, "वटवाघळांना पण साखरपाणी? घरात आणू नकोस म्हणजे झालं."

१२ ऑक्टोबर २०२४

परत लागवडीचे दिवस. रूफस गेले, ब्लॅक-चिन्ड गेले, दोन फीडर धुऊन कपाटात ठेवले, एकच बाहेर. लोक म्हणतात फीडर ठेवला तर पक्षी स्थलांतर करत नाहीत, तसं काही नसतं, ते दिवसाच्या लांबीवर निघतात, उलट उशिरा आलेल्याला घोटभर मिळतं.

वर्षभराच्या कागदावर आता डिसेंबर तेवढा पातळ आहे, तिथे कोरफड आणि चुपारोसा दोघंच. म्हणून अजून दोन चुपारोसा आणले, दक्षिणेच्या भिंतीशी लावणार, भिंत दिवसभर तापते आणि रात्री थोडी ऊब देते, थंडीची चादर कमी लागेल. पश्चिमेकडे सावलीसाठी अजून एक पालो वेर्दे. साल्व्हिया पूर्वेला हलवला, कसाबसा जगलाय. पेनस्टेमनच्या वाळलेल्या दांड्यांतलं बी झटकून खडीवरच पसरलं, गेल्या वर्षीच्या बियांचे गड्डे खडीत जागोजागी दिसतायत, ते येत्या फेब्रुवारीला फुलायला हरकत नाही.

ड्रिपचा टायमर हिवाळ्यावर टाकला, दोन आठवड्यांनी एकदा. जुन्या रोपांना तेवढं पुरेल, नव्यांना हाताने. उरलेल्या खडीचा ढीग शेजारच्या बाई न्यायला तयार आहेत, रविवारी त्यांच्या मुलाचा ट्रक येतोय, तोपर्यंत भिंतीची बाजू मोकळी करायचीये.